हेरिंगच्या नाकात बसेल अशी गरी

पहिल्या वर्षी मार्च ते मे या काळात मी अकरा वेळा बोट पाण्यात घातली आणि एकही स्ट्रायपर, म्हणजे स्ट्राइप्ड बास मासा, हाती लागला नाही. मासे नव्हते असं अजिबात नाही. पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या सोनार यंत्राच्या पडद्यावर तीस-पस्तीस फुटांवर त्यांच्या जाड कमानी सरकताना दिसायच्या. माझी आमिषं त्यांच्या डोक्यावर लोंबकळत असायची आणि ते खालून शांतपणे निघून जायचे. देवगडच्या खाडीकाठी लहानपण गेलेल्या माणसाला हे फार लागतं. गरवायला मी सातव्या वर्षापासून जातोय.

मी राहतो अमेरिकेत, जॉर्जिया राज्यातल्या कमिंगला. घरापासून वीस मिनिटांवर लेक लॅनियर आहे. अटलांटाच्या ईशान्येला चॅटाहूची नदीवर ब्यूफर्ड धरण बांधून १९५०च्या दशकात तयार झालेला हा जलाशय, साधारण ३८,००० एकरांचा. पाणी स्वच्छ, खोल आणि तळाशी जागोजागी बुडालेली झाडं अजून उभी. या गोड्या पाण्यात स्ट्राइप्ड बास, म्हणजे अंगावर सात-आठ काळ्या रेघा असलेला हा समुद्रातला मासा आला कसा, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा फार गंमत वाटली होती. मूळचा तो अटलांटिक किनाऱ्याचा. वाढतो समुद्रात, अंडी घालायला नदीत चढतो. आपला चोणक, म्हणजे रायगडातला जिताडा, नेमका उलटा: वाढतो गोड्या-मचूळ पाण्यात आणि प्रजननासाठी खाऱ्याकडे जातो. साउथ कॅरोलायनात १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला सँटी-कूपरची धरणं झाली, तेव्हा काही स्ट्रायपर वरच्या बाजूला राहिले. ते नुसते जगलेच नाहीत, तर तिथेच त्यांची पिल्लं व्हायला लागली. समुद्राशिवाय हा मासा जगतो हे तिथे लक्षात आलं आणि मग राज्याराज्यांनी आपापल्या जलाशयांत त्याचं बीज सोडायला सुरुवात केली. पण अंडी फुटेपर्यंत सुमारे दोन दिवस वाहत्या पाण्यात तरंगत राहावी लागतात, तळाशी बसली की गुदमरतात. लॅनियरच्या वर तेवढी लांब मोकळी नदी नाही. म्हणून इथे दरवर्षी सरकारी मत्स्यबीज केंद्रातून बोटभर पिल्लं आणून सोडतात. आपण धरलेला प्रत्येक मासा कुणीतरी टाकीत वाढवून सोडलेला असतो, ही गोष्ट मी विसरत नाही.

तर माझं सामान. हा मासा वीस-तीस पाउंडांचा होतो असं ऐकलं होतं. गोड्या पाण्यातल्या स्ट्रायपरचा विक्रम ६९ पाउंड ९ औंसांचा आहे, २०१३ मध्ये अलाबामात धरलेला. आकडे डोक्यात ठेवून मी दुकानात गेलो आणि विक्रेत्याने त्या आकड्यांना साजेसं सामान दिलं: जाड बुडाचा कडक ग्रॅफाइट रॉड, ४० पाउंडी, म्हणजे तेवढा ताण सोसणारी विणलेली दोरी, तेवढाच जाड लीडर, म्हणजे दोरी आणि गरी यांच्यामधला तुकडा, आणि ५/० नंबरच्या, म्हणजे मोठ्या, जाड तारेच्या गऱ्या. विक्रेत्याचं चुकलं असं म्हणणार नाही. किनाऱ्यावर लाटांमध्ये उभं राहून स्ट्रायपर धरायचा तर हेच सामान चालतं. लॅनियरसाठी मात्र त्यातली एकही वस्तू बरोबर नव्हती.

आमिष मी योग्य निवडलं होतं. लॅनियरला स्ट्रायपरचं मुख्य खाणं म्हणजे ब्लूबॅक हेरिंग, निळसर पाठीचा, चार ते सहा इंचांचा, आपल्या तारली-पेडव्यांच्या गोतातला मासा. हाही मूळचा अटलांटिक किनाऱ्याचाच. लॅनियरमध्ये तो गरवणाऱ्यांच्या बादल्यांतून आला आणि इथलाच झाला. जॉर्जियात जिवंत हेरिंग आमिष म्हणून ठरावीक जलाशयांतच चालतो, लॅनियर त्यात आहे. इथून उचलून दुसऱ्या तलावात न्यायचा नाही. तलावाकाठच्या आमिषाच्या दुकानांत तो डझनावर मिळतो. पण मिळणं सोपं, जिवंत ठेवणं कठीण. पेडवे जाळ्यातून काढल्याबरोबर कसे मान टाकतात ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. हेरिंग तसाच. मी ते चौकोनी शीतपेटीत एक पंप लावून न्यायचो. धक्क्यापर्यंत पोचेस्तोवर पाण्यावर खवल्यांच्या टिकल्या तरंगायला लागायच्या आणि निम्मे मासे कोपऱ्यात नाक लावून आडवे.

मेच्या शेवटी बाबा आले. सुट्टीला, तीन महिन्यांसाठी. परराज्यातल्या पाहुण्यांसाठीचं एक दिवसाचं लायसन्स ऑनलाइन काढलं आणि पहाटे पाचला यंग डिअरच्या रॅम्पवरून बोट काढली. मी नेहमीसारखं हेरिंगच्या नाकात ५/० ची गरी ओवली, बोटीच्या कडेला सोडलं आणि रॉड होल्डरमध्ये ठेवला. बाबा वाकून पाण्यात बघत राहिले. पाणी इतकं नितळ की दहा फुटांपर्यंत आमिष दिसतं. हेरिंग एका अंगावर कलला, डोकं खाली गेलं, शेपटी दोनदा हलली आणि तो गरीच्या वजनाने दगडासारखा खाली जायला लागला.

"अरे, ह्यो पोवता खंय? ह्यो तर बुडता," बाबा म्हणाले.

मी सांगितलं, "बाबा, मोठा मासा आहे, बारीक गरी सरळ करील."

"मोठो मासो मागीर. आधी ह्या बारक्या माशान काम करूक व्हया मां?"

खाडीत बाबा जिवंत कोळंबी लावून चोणक धरतात. कोळंबी शेपटीच्या वरच्या पापुद्र्यात अशी ओवतात की तिला कळतसुद्धा नाही, मग ती तासभर पाण्यात टिचक्या मारत राहते. हे मी पन्नास वेळा पाहिलेलं होतं. इथे येऊन रॉड, रील, सोनार यांच्या नादात नेमकं तेच डोक्यातून गेलं. सामान मी धरायच्या माशावरून निवडलं होतं. ते निवडायचं असतं पाण्यात सोडायच्या माशावरून. गरी तेवढीच, जेवढी घेऊन हेरिंग पोहू शकेल. दोरी तेवढीच, जेवढी त्याला ओढता येईल. रॉडचं टोक तेवढं मऊ, की आमिषाची थरथर त्यात दिसेल. मोठ्या माशाची ताकद रीलच्या ड्रॅगने, म्हणजे ताण वाढला की दोरी सोडणाऱ्या ब्रेकने सांभाळायची. घाई केली नाही तर १५ पाउंडी तंगूस वीस पाउंडांचा मासा आरामात आणतं.

त्या दिवशीही काही लागलं नाही. घरी आल्यावर मात्र सगळं नव्याने मांडलं.

सुरुवात टाकीपासून केली. ३० गॅलनची गोल, जाड भिंतींची टाकी घेतली. गोल अशासाठी की हेरिंग थांबत नाही, सतत पुढे पोहत राहतो. कोपरा आला की त्यात डोकं खुपसतो आणि तिथेच संपतो. टाकीत हवेचा पंप आणि खवले-घाण गाळणारी जाळी. नळाचं पाणी असेल तर आधी क्लोरीन मारणारं औषध, मग आयोडीन नसलेलं मीठ. मीठ का, तर हाताळताना खवले सुटतात, वरचा बुळबुळीत थर जातो आणि उघड्या जागेतून माशाच्या अंगातले क्षार पाण्यात निघून जातात. पाणी थोडं खारट असलं की तो ताण कमी होतो आणि खवलेही घट्ट राहतात. प्रमाण टाकीच्या मापाने दुकानदाराने पिशवीवर लिहून दिलं, मी ते आजही मोडत नाही. उन्हाळ्यात पाण्याच्या बाटल्या गोठवून बंदच टाकायच्या. सुटा बर्फ नळाच्या पाण्याचा असेल तर क्लोरीन पुन्हा आत येतं. गॅलनला एक मासा, जास्त नाही. म्हणजे अडीच डझन. चार डझन घ्यायचा मोह होतो आणि तासाभरात सगळे जातात.

हेरिंगची तब्येत नाकावरून कळते. ठणठणीत असला तर नाक पारदर्शक-करडं असतं. थकला, आपटला की नाक लाल व्हायला लागतं. लाल नाकाचा हेरिंग गरीला लावायचा नाही, कितीही वळवळत असला तरी. खाली गेल्यावर तो दोन मिनिटंही तग धरत नाही. पहिले दोन महिने मी जे पाण्यात सोडत होतो ते बहुतेक लाल नाकाचेच होते.

गऱ्या १/० च्या, म्हणजे लहान, बारीक तारेच्या, सर्कल हुक. हिचं टोक आत वळलेलं असतं. मासा आमिष गिळून वळला की गरी घशातून सरकत येते आणि जबड्याच्या कोपऱ्यात अडकते. अट एकच, हिसका द्यायचा नाही. हे सवयीच्या हाताला फार जड जातं. खाडीत टोच लागली की मनगट आपोआप उडतं. इथे रॉड होल्डरमध्येच राहू द्यायचा, टोक पाण्यात जाईस्तोवर थांबायचं आणि मग नुसतं रील फिरवत राहायचं. गरी ओवायची ती हेरिंगच्या दोन्ही नाकपुड्यांतून आडवी. तिथे कूर्चा आहे, रक्त येत नाही आणि तोंड उघडं राहून त्याला श्वास घेता येतो. हात आधी टाकीच्या पाण्यात ओले करायचे. मासा मुठीत दाबायचा नाही, तळहातावर उताणा ठेवायचा, तो क्षणभर शांत होतो आणि तेवढ्यात ओवून मोकळं व्हायचं. बाबांनी पहिल्याच प्रयत्नात ओवला.

रॉड घेतला साडेसात फुटांचा फायबरग्लासचा, मऊ टोकाचा. ग्रॅफाइट हलकं आणि कडक, हातात धरून गरवायला उत्तम. पण होल्डरमध्ये ठेवलेल्या रॉडला माशाने ओढल्याबरोबर झुकता आलं पाहिजे, नाहीतर त्याला तोंडात काहीतरी कडक लागतं आणि तो आमिष थुंकतो. मुख्य दोरी १५ पाउंडी साधं नायलॉनचं तंगूस, त्याच कारणासाठी: ताणलं की थोडं लांबतं. रील आडव्या चक्राची, दोरी समान गुंडाळणारी, अबू गार्सियाच्या अँबेसेडरच्या घडणीची. त्याला क्लिकर, म्हणजे दोरी ओढली गेली की आवाज करणारा भाग हवा आणि शक्य असेल तर किती फूट दोरी गेली ते दाखवणारा काउंटर. काउंटरच्या रीलला तेव्हा पैसे घालायचे नव्हते, म्हणून रीलपासून रॉडवरच्या पहिल्या कडीपर्यंतचं अंतर मोजलं. दोन फूट भरलं. तेवढी दोरी पंधरा वेळा ओढली की तीस फूट.

आणि लीडर. लॅनियरचं पाणी इतकं स्वच्छ की जाड दोरी माशाला दिसते. म्हणून पाण्यात कमी दिसणारं १२ पाउंडी फ्लोरोकार्बनचं तंगूस, पाच फूट. स्ट्रायपरचे दात कानशीसारखे खरखरीत असतात, पण कापणारे नसतात, म्हणून एवढं बारीक चालतं. प्रत्येक माशानंतर मात्र शेवटच्या फुटावरून नख फिरवायचं आणि खरखर लागली की तेवढा तुकडा कापून गाठ नव्याने मारायची.

मेअखेर ते ऑगस्ट इथे चालते ती डाउनलाइन. मुख्य तंगुसात दीड औंसाचं अंड्याच्या आकाराचं भोकाचं शिसं ओवायचं, त्याखाली गाठ वाचवायला एक मणी, मग स्विव्हल, म्हणजे फिरती कडी, त्याला लीडर, टोकाला गरी. एवढंच. बोट थांबवून ही दोरी सरळ खाली सोडायची. मासे ३५ फुटांवर दिसत असतील तर आमिष ३० वर, त्यांच्या थोडं वर. हा मासा वर बघून खातो, खाली वाकत नाही. सोडताना चक्रावर अंगठा ठेवून हळूहळू सोडायचं. घाईने सोडलं की शिसं पुढे आणि आमिष मागे, लीडर दोरीला पिळा घालतो आणि खाली गुंता घेऊन आपण तासभर वाट बघत बसतो. वीस मिनिटांनी आमिष बदलायचंच, जिवंत असलं तरी. हा खर्च वाचवू नये.

बाबांसाठी पुन्हा लायसन्स काढून जूनच्या दुसऱ्या शनिवारी सिक्स माइल क्रीकच्या तोंडाशी गेलो. चार दोऱ्या सोडल्या. या खेपेला वर उभं राहून बघत होतो ते रॉडच्या टोकांकडे. चारही टोकं बारीक बारीक थरथरत होती, हेरिंग खाली पोहत असल्याची ती खूण. तीन महिन्यांत मी हे कधी पाहिलंच नव्हतं. माझी टोकं नेहमी स्थिर असायची आणि त्याला मी शांतता समजत होतो. पावणेसातच्या सुमारास डावीकडच्या टोकाची थरथर एकदम वाढली. स्ट्रायपर जवळ आला की हेरिंग जिवाच्या आकांताने पळू बघतो, ते वर दिसतं. माझा हात पुढे गेला. बाबांनी मनगट धरलं. टोक एकदा खाली, दोनदा खाली आणि मग रॉड मुठीपर्यंत वाकून पाण्यात शिरला, क्लिकर किंचाळायला लागला.

बाबांनीच रील फिरवलं. मासा दोनदा तळाकडे धावला, दुसऱ्यांदा बुडालेल्या झाडांच्या दिशेने. मी चक्रावर अंगठा दाबून त्याला वळवला. अकरा पाउंडांचा भरला. गरी जबड्याच्या उजव्या कोपऱ्यात, अगदी जिथे बसायला हवी तिथे. त्या सकाळी आणखी एक मिळाला. जॉर्जियात माणशी दिवसाला पंधरा चालतात, पण २२ इंचांवरचे दोनच. आमचे दोन्ही त्यावरचे. दोघांत मिळून आणखी दोन चालले असते, तरी आठ वाजता दोऱ्या गुंडाळल्या.

यावर मी थोडा अडून बसतो. उन्हाळ्यात 'धरून सोडून देऊ' असं म्हणत दिवसभर गरवणं मला पटत नाही. स्ट्रायपरला थंड पाणी लागतं. वरचं पाणी तापतं तसा तो खाली जातो, पण तळाच्या पाण्यातला प्राणवायू संपत येतो. मग तो मधल्या एका पट्ट्यात कोंडला जातो. ऑगस्टपर्यंत बरेचसे मासे धरणाजवळच्या खोल पाण्यात गोळा होतात. तिथून त्याला ओढत ऐंशी अंश फॅरनहाइटहून गरम पाण्यात आणायचं, फोटो काढायचा आणि सोडायचं. तो शेपटी हलवत जातो, आपल्याला बरं वाटतं, पण त्यातले पुष्कळ खाली जाऊन मरतात. गरमीत दोन धरावेत, घरी न्यावेत आणि थांबावं. सोडून द्यायची हौस असेल तर हिवाळा आहे.

हिवाळ्याचं सामान वेगळं आणि सोपं. पाणी गार झालं की हेरिंगही टाकीत टिकतात. शिसं न लावता मोकळी दोरी बोटीमागे सोडायची. शिवाय प्लॅनर बोर्ड, म्हणजे दोरीला अडकवलेली एक फळी, जी बोट पुढे गेली की बाजूला तिरकी पोहते आणि आमिष बोटीच्या आवाजापासून दूर नेते. सीगल आणि लून पक्षी जिथे बुड्या मारत असतील तिथे जायचं. रात्री दिवे लागलेल्या खासगी धक्क्यांपाशी बॉम्बर लाँग ए हा लाकडी वाटावा असा प्लास्टिकचा लांबट मासा अगदी सावकाश ओढायचा. त्यावर कधीतरी सविस्तर लिहीन.

धरलेला मासा लगेच कल्ल्याशी कापून रक्त जाऊ द्यायचं आणि बर्फात दाबायचा. तुकडे करताना कातडीखाली बाजूला जो गडद लाल मांसाचा पट्टा असतो तो पूर्ण काढून टाकायचा. उग्र वास त्याचाच. उरतं ते पांढरंशुभ्र, जाड पाकळ्यांचं मांस. आगळ, हळद, लाल तिखट लावून, रव्यात घोळवून तव्यावर. बाबांनी पहिला तुकडा तोंडात घातला, काटा नाही बघून जरा थांबले आणि म्हणाले की चोणकाची सर नाही, पण मासा चांगला आहे. त्यांच्याकडून हे खूप झालं.

ऑगस्टच्या शेवटी बॅग भरताना ते माझ्या सामानाच्या पेटीशी बसले होते. ५/० च्या गऱ्यांची तीन पाकिटं तशीच पडून होती.

"ह्यो गरयो माका दी. खाडीत चोणकाक बऱ्यो पडतल्यो."

मी दिल्या, सोबत २० पाउंडी फ्लोरोकार्बनचं एक रीळही. दिवाळीच्या आधी फोन आला. गऱ्या चालल्या होत्या, कोळंबी न लावता जिवंत बोयट लावून, आणि हिसका न देता. एक चोणक आला, दुसऱ्याने लीडर तोडला. चोणकाच्या कल्ल्याचं झाकण धारदार असतं, तिथे २० पाउंडांचा पाड लागत नाही. आता ४० पाउंडी लीडरची दोन रिळं मागवून ठेवली आहेत, जानेवारीत जाईन तेव्हा नेणार आहे.